पाचवं शील

रविवारी सकाळी आम्ही सगळे अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या विहारात वंदनेला जातो. पंचशील सगळे एका सुरात म्हणतात. चौथं शील खोटं न बोलण्याचं, पाचवं नशा न करण्याचं. माझा धाकटा भाऊ दहावीत होता तेव्हा चार शीलं म्हणायचा आणि पाचव्याला ओठ मिटून घ्यायचा. पप्पांना वाटायचं, कंटाळा करतो.

कंटाळा कसला! पोरगा पंक्चरचं सोल्यूशन रुमालावर घेऊन हुंगायचा. मला शर्टाच्या वासावरून संशय आला, बाकीचं त्यानंच सांगितलं. वर्गात छातीत धडधडतं, झोप लागत नाही, हुंगलं की डोकं शांत होतं. मी आधी त्याला एक ठेवून दिली आणि मग त्याच्याच शेजारी रडत बसले.

उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये अशा मुलांसाठी ओपीडी होती. भरती व्हायचं नाही, दर आठवड्याला जाऊन यायचं. आईला सांगितलं, पप्पांपासून लपवलं. शेअर रिक्षातून जीन्सच्या गठ्ठ्यांना खेटून आम्ही जायचो. तिथल्या मॅडम प्रत्येक वेळी विचारायच्या, या आठवड्यात घेतलंस का? तो ‘हो’ म्हणाला तरी ओरडायच्या नाहीत. त्याआधी काय झालं होतं, ते विचारायच्या. डॉक्टरांनी गोळ्याही दिल्या होत्या. हळूहळू ‘हो’ कमी झाले, पोरगा जेवायला लागला, माझी टिंगल करायला लागला.

एकदा परत येताना मीही त्याला चिडवलं, विहारात मध्येच तोंडाला कुलूप का लावतोस रे?

तो म्हणाला, “ताई, पाचवं म्हटलं तर चौथं मोडतं ना. पूर्ण सुटलं की म्हणीन.”



मग पप्पांना गोळ्या सापडल्या आणि सगळंच सांगावं लागलं. सख्खा भाऊ दारू पितो म्हणून त्याच्याशी बोलणं तोडलेला माणूस तो. म्हणाले, गोळ्यापण नशाच, एक सोडून दुसरी धरली. मी भांडले, घसा बसेपर्यंत समजावलं. त्यांनी पाकीट गटारात टाकलं आणि येत्या रविवारी सगळ्यांसमोर शील घ्यायचं, विषय संपला, असं ठरवून टाकलं. पप्पांचा मला असा राग आला, आजही येतो. पण त्यांना खरंच वाटत होतं की ते पोराला वाचवतायत.

विहारात त्यांनी त्याला उभं केलं आणि पाचवं शील एकट्याला म्हणायला लावलं. मी “पप्पा, नको” म्हणाले, ते कुणी ऐकलं नाही. भावानं माझ्याकडे बघितलं आणि म्हटलं. सगळे ‘साधू, साधू, साधू’ म्हणाले. पप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्यानंतर एकदाच तो माझ्याबरोबर ओपीडीत आला. मॅडमनी नेहमीसारखं विचारलं. जमिनीकडे बघत तो म्हणाला, “नाही घेतलं.” शर्टाला सोल्यूशनचा वास मारत होता. मॅडमनाही आला असणार. त्या हळूच म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात ये हां बाळा. तो परत गेलाच नाही. मी हात जोडले, शिव्या घातल्या, रिक्षा दारात आणून उभी केली. “मला काही झालेलं नाही” एवढंच म्हणतो.

आता दर रविवारी तो पाचही शीलं खणखणीत म्हणतो. पप्पांना बरं वाटतं. मी त्याच्या शेजारीच बसलेली असते, मला त्याच्या शर्टाचा वास येतो.