सखूबाईंच्या खाचरातलं जेवण

घोडेगाव मागे पडलं आणि थोड्याच वेळात एसटीच्या खिडकीतून डिंभ्याचं पाणी दिसलं. मे महिना असल्यामुळे पाणी पार खाली गेलं होतं, पण उरलं होतं तेवढंही डोळे निवावेत असं. आमचे हे म्हणाले, "बघ! म्हटलं नव्हतं? काश्मीर!" मी म्हटलं, "काश्मीर असू दे, जेवणाचं काय?" सकाळी चिंचवडहून निघताना यांनी मला डबा घेऊ दिला नव्हता. रिसॉर्टला कुणी डबा नेतं का, हा त्यांचा सवाल.

रिसॉर्ट म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या आणि एक झोपाळा निघाला. राखणदार म्हणाला, "आचारी लग्नाला गेलाय. परवा येईल."

"मग आम्ही खायचं काय?"

"पावणं, तुमी जेवाण बरोबर नाय आणलं?" त्याने मलाच विचारलं. मी यांच्याकडे कसं पाहिलं ते इथे लिहीत नाही. ती रात्र दोन बिस्किटांच्या पुड्यांवर निघाली. मोबाईल नवाच घेतला होता, पण तिथे त्याला रेंज नव्हती, नाहीतर मी माहेरी सगळं सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आहुप्याकडे जाणारी एसटी पकडली. वरच्या वाड्यांमध्ये कुठेतरी जेवण मिळेल, असं राखणदार म्हणाला होता. कंडक्टरला विचारलं तर तो हसायलाच लागला. "अवो, जेवायचं व्हतं तर घोडेगावातच जेवायचं न्हाई का?" शेवटी एका थांब्यावर किराणा दुकान दिसलं म्हणून आम्ही उतरलो.

दुकानदार चाळिशीचा, दाढी वाढलेला. दारात पोत्यावर हिरडे (औषधाला जाणारी फळं) निवडत बसला होता. त्याच्याकडे गोळ्या, बिड्या, साबण सगळं होतं, पण खायला काही नाही. "घरची माणसं हिरडं येचाया गेल्यात, चूल थंड हाय," तो म्हणाला. मग आमच्याकडे न बघता बोलला, "खाली पाण्याच्या अंगाला सखूबाईकडं आज जेवाण हाय. धा-पंधरा माणसांचं. जावा. नाय म्हनायची न्हाई ती."

"खानावळ आहे का?" यांनी विचारलं.

"जावा तर खरं," तो म्हणाला आणि पुन्हा हिरड्यांत मान घातली.

उतरणीची पायवाट, वर रणरणतं ऊन आणि पोटात कावळे. खाली एक कौलारू घर, अंगणात मोठं पातेलं, भाकऱ्यांची चळत, उपड्या घातलेल्या थाळ्या. मी यांना म्हटलं, "आहे हो खानावळ!" चुलीपाशी पन्नाशीची, सडसडीत बाई होती, कपाळ मोकळं. तिने आम्हाला बुटांपासून टोपीपर्यंत न्याहाळलं.

"कुनाकडनं आला?"

खानावळीत असं का विचारतात ते मला कळेना. मी म्हटलं, "वर थांब्यावर दुकान आहे ना, त्यांनी पाठवलं."

बाईंच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. "दुकानवाल्यानं? सोताहून?"

"हो, स्वतःहून. जावा म्हणाले."

तिने पदर तोंडाला लावला. डोळे भरून आले होते. गिऱ्हाईक आलं म्हणून कुणी रडतं का? मी यांच्याकडे पाहिलं, यांनी माझ्याकडे. "बसा, आदी जेवा," ती घाईने म्हणाली. "आज बांध पुरा झालाच पायजे. उद्यापासून समदी दुसऱ्याच्या वावरात. तुमी आला, लई बरं झालं."

बांधाचा आणि आमचा काय संबंध, हे विचारायला तोंड रिकामं कुठे होतं? तांदळाची भाकरी, धरणातल्या मासळीचं लालभडक कालवण, फोडलेला कांदा. नाकाडोळ्यांतून पाणी, पण हात थांबेना. यांनी तर चौथी भाकरी मागितली, आणि वर "कालवण जरा गरम मिळेल का?" असंही विचारलं. बाईंनी निमूट गरम करून आणलं. मी पर्स उघडली तर म्हणाल्या, "ह्ये काय? ठिवा आत," आणि माझ्या हातात घमेलं दिलं. यांना टिकाव.

"हल्ली असं असतं," हे माझ्या कानात म्हणाले. "कृषी पर्यटन. शेतीचा अनुभव देतात." उंटावरचे शहाणे!

घरामागे उतारावर भाताचं खाचर होतं. मागच्या पावसात त्याचा बांध फुटून माती वाहून गेली होती, आणि डझनभर माणसं दगड रचून तो पुन्हा उभा करत होती. मी दोन घमेली माती टाकली आणि कंबर धरून उभी राहिले. शेजारचे म्हातारबाबा म्हणाले, "सवय न्हाई वाटतं. शेरात ऱ्हाता का?"

"हो. हे सगळे मजुरीवर आहेत का?"

"मजुरी? छ्या! पडकई हाय ही." (पडकई म्हणजे एकमेकांच्या शेतावर फिरून करायचं काम.) "आज आमी हिच्या वावरात, उद्या ही आमच्या. पैसा न्हाई, फकस्त जेवाण. ज्या घरचं माणूस येईल त्या घरचं ती फेडणार." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमी दुकानवाल्याच्या बदलीवर आला ना? धाकला दीर तिचा. तिचा नवरा वारला आन् हिरड्याच्या झाडांवरनं दोघांचं बोलणं तुटलं. दोन वरसं त्या घरचं माणूस आलं न्हाई. आज पयल्यांदा."

मला धरणी दुभंगावी असं झालं. चार-चार भाकऱ्या खाऊन, कालवण गरम करायला लावून, आम्ही त्या बाईला केवढी खोटी आशा लावली होती! हे म्हणाले, "चल, आत्ताच्या आत्ता खरं सांगू." आम्ही तिच्याकडे गेलो. ती डोक्यावर दगड घेऊन येत होती आणि सगळ्यांना सांगत होती, "भावजींनी माणसं धाडली. दोन धाडली, दोन!" मी यांच्या दंडाला चिमटा काढला.

मग खरं सांगायचं राहिलंच, आम्ही माती वाहिली. हाताला फोड आले. ऊन कलायच्या आत शेवटचा दगड बसला. निघताना सखूबाईंनी माझा हात धरला. "भावजींना सांगा, दोन माणसांचं दोन दिस. सोमवार-मंगळवार मी येते त्यांच्या खाचरात."

चढण चढताना मला एकच भीती. हा माणूस तिला तोंडावर सांगेल, मी कुणाला धाडलं नव्हतं. मग सगळ्या वाडीसमोर तिचं काय?

"जेवला का?" दुकानदाराने विचारलं.

"जेवलो," मी म्हटलं, "आणि तुमच्या नावाने मातीही वाहिली." मग झालेला घोटाळा सांगून टाकला. त्याच्या चेहऱ्यावरून मला काहीच कळेना. रागावला की काय?

"मंग तुमी तिला खरं का न्हाई सांगितलं?"

"तिचा चेहरा बघून धीर झाला नाही हो."

तेव्हा आमचे हे, ज्यांनी दोन दिवसांत एक शब्द कामाचा उच्चारला नव्हता, पुढे होऊन म्हणाले, "सोमवारी आणि मंगळवारी त्या तुमच्या खाचरात येतायत. दोन दिवस फेडायला."

तो खालच्या पायवाटेकडे बघत राहिला. वळणावर आमच्या एसटीचा हॉर्न वाजला. मग त्याने आत वळून हाक मारली, "अगं ए! सोमवारी वैनी येतीया. तांदूळ दळून ठिव."

हिरडे वेचून परतलेल्या बायकोचं आतलं पाखडणं थांबलं. "कोन वैनी?"

"आपल्याला वैनी हायेत तरी किती?" तो खेकसला, आणि त्याचा आवाज फाटला.

चिंचवडपर्यंत आमचा वाद चालला. हे म्हणत, आपण फसवलं. मी म्हणे, कुणाला? पाठवलं तर त्यानेच होतं! पण सोमवारी दुपारी जेवायला बसले आणि माझा घास हातातच राहिला. म्हटलं, सखूबाईंचं पान वाढलं असेल ना त्यांनी?