मी दिलेली साक्ष

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. प्रार्थनेतसुद्धा नाही — प्रभूला सगळं ठाऊकच आहे, अशी स्वतःची समजूत घालते आणि दर वेळी पुढच्या विनंतीकडे वळते. आज तुम्हाला सांगते. अडखळेन, पण सांगते.

मला लहानपणापासून फिट यायची. मुरबाडकडे माझ्या माहेरी ते सगळ्यांना माहीत होतं, पण लग्न जमवताना घरच्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. शेणव्याजवळच्या या गावात आले आणि भाताच्या पहिल्याच लावणीत बांधावर आडवी झाले. मग सासरी अंगारे झाले, कोंबडं झालं. काही उपयोग झाला नाही. शेवटी शहापूरचे पास्टर आले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, माझ्यासाठी खरोखर रडले. आणि फिट थांबली.

थांबली, हे खरं. पण त्याच सुमारास माझ्या भावाने मला मुरबाडला डॉक्टरकडे नेलं होतं, आणि मी रोज सकाळी एक गोळी घ्यायला लागले होते.

आमच्या प्रार्थनासभेत गाणी झाली की कुणीतरी उभं राहून साक्ष देतं. प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं, बाकीच्यांनी हालेलुया म्हणायचं. त्या रविवारी मी उभी राहिले. गोळीचंही सांगणार होते — खरंच सांगणार होते का? आता वाटतं, नव्हतेच. "फक्त प्रार्थनेनं बरी झाले," असं मी म्हणाले. टाळ्या पडल्या. एरवी मला पाण्यात पाहणाऱ्या सासूबाई रडत माझ्या गळ्यात पडल्या. पुढे आमचं अख्खं घर प्रभूच्या विश्वासात आलं, ते माझ्या त्या साक्षीवर.

बरं, गोळ्या घेऊ नका असं आमच्याकडे कुणी कधी म्हटलेलं नाही. पास्टर स्वतः सगळ्यांदेखत चहानंतर बीपीची गोळी घेतात! मग मी कुणाला बोल लावू? प्रभू गोळीतून बरं करत नाही का? करतो, मी मानते. तरी लपवलं. कारण गोळी काय, कुणालाही बरं करते. मला मात्र त्याने खास निवडलंय असं लोकांना वाटायचं — आणि मला ते आवडायचं. फार आवडायचं. आजही मला बोलावतात, आणि आजही मी तीच साक्ष देते. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते, पण देते.

सुशीला आमच्या शेजारची, आमच्याच सभेतली. तिच्या रेश्माला फिट यायला लागली तेव्हा ती साहजिकच माझ्याकडे आली. आम्ही प्रार्थना केली, उपास केले, तेल लावलं. पोर पडतच राहिली. मी प्रभूवर चिडले — हो, चिडले! एवढंसं लेकरू तडफडतंय, तुला दिसत नाही? एकदा तरी कर की नुसत्या प्रार्थनेनं! पण हे मागणं पोरीसाठी होतं का? माझं खोटं तू खरं करून दे, असंच ना ते? त्याने केलं नाही. मी त्याच्यावर रुसले, आणि माझी गोळी घेत राहिले.

मग सुशीला आपण होऊनच रेश्माला घेऊन शहापूरला गेली. तिथल्या डॉक्टरने गोळ्या दिल्या. पोर पडायची थांबली.

एका दुपारी मी शिलाई मशीनवर ब्लाउज शिवत होते. सुशीला आली आणि खालीच बसली. "ताय, मी पोरीला गोळ्या देते. कोनाला सांगितलं नाय. माजा इश्वास कमी पडला. तुमचा कसा पक्का हाय." बोलता बोलता हुंदके द्यायला लागली.

मशीनच्या खणात, बॉबिनच्या डबीखाली, माझ्या गोळ्या होत्या. खण ओढायचा होता फक्त. अगं वेडे, मीपण घेते — एवढंच म्हणायचं होतं. किती जड होतं ते? मी मशीनवरून उठले, तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तिच्या कमजोर विश्वासाबद्दल प्रभूकडे तिच्यासाठी क्षमा मागितली. मोठ्याने. डोळे मिटून. तिने पदराने तोंड पुसलं, आमेन म्हणाली, आणि घरी जाऊन पोरीच्या गोळ्या बंद केल्या.

रेश्मा चुलीपुढे भाकऱ्या भाजायला बसली होती. फिट आली तेव्हा घरात दुसरं कुणी नव्हतं. उजवा हात विस्तवात गेला.

कळलं तशी मी धावत शहापूरच्या दवाखान्यात गेले. पोर कण्हत होती, हाताला पट्ट्या बांधल्या होत्या. बोटं सुटी होतील की नाही, सांगता येत नव्हतं. डॉक्टर संतापला होता. गोळ्या चांगल्या चालू होत्या, बंद कुणी करायला सांगितल्या, असं त्याने विचारलं.

मी सुशीलाच्या शेजारीच उभी होते. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कोनी नाय," ती म्हणाली. "माजं मीच केलं."

घाईत माझी सकाळची गोळी राहिली होती. बाहेरच्या नळावर गेले, पदराच्या गाठीतून ती सोडली आणि घेतली.