फ्रान्सला गेलेली घोंगडी

साऱ्या हिंगोली जिल्ह्यात तेव्हा फ्रेंच येणारा बहुधा एकच माणूस होता, आणि त्याला मराठी येत नव्हतं. ते आमचे पाँडिचेरीचे सर. वसमतकडच्या आमच्या निवासी शाळेत ते कुठल्या जन्मीची फेड करायला आले होते, देव जाणे. उन्हाची काहिली सुरू झाली की डोक्याला ओला पंचा गुंडाळून ते आम्हाला ‘माझी आत्या पॅरिसला राहते’ असं वाक्य शिकवायचे. माझी आत्या हट्ट्याला राहायची. पण सर मला तसं म्हणू द्यायचे नाहीत. हट्टा म्हटलं की उच्चार बिघडतो म्हणे!

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी नववीत होते. सरांनी फ्रान्समधल्या एका शाळेच्या कितीतरी वर्षं पाठी लागून शेवटी आम्हा मोजक्या पोरांना आमंत्रण मिळवलं. एकेका पोराने एकेका घरी राहायचं, त्यांच्या शाळेत बसायचं, भाषा शिकायची, चालीरीती बघायच्या. मी ही बातमी घेऊन साखऱ्याजवळच्या आमच्या गावी गेले, तर मायनं आधी पातेलं खाली ठेवलं.

“काहून? हितं शाळा न्हाई का?”

शेजारच्या चुलत्यांना तर सणच सापडला. आमच्या गावात कुणाची टिंगल करायची असेल तर आधी चुलत्यांची परवानगी घ्यावी, त्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. ते आबांना म्हणाले, “पोरगी इमानात बसून चालली. आता तुमी मेंढरांमागं बूट घालून जात जा.”

आबा, म्हणजे माझे वडील, मेंढरं राखायचे. बोलणं बेताचंच. ते एवढंच म्हणाले, “मेंढरं घेऊन आमी तीन जिल्हे हिंडतो. ती जरा पुढं चालली.”

झालं. तिथंच परवानगी मिळाली. पण दुसऱ्या दिवशी आबांनी माळ्यावरून घोंगडी काढली.

ती साधी घोंगडी नव्हती. आमच्याच मेंढरांची लोकर. आबांनी मेंढरांमागं चालता चालता चातीवर, म्हणजे हातातल्या लाकडी टकळीवर, तिचं सूत काढलेलं. वर चिंचोक्याची खळ दिलेली, त्यामुळे पुठ्ठ्यासारखी कडक. आमच्यात पाहुण्याला बसायला घोंगडी, लग्नात घोंगडी, खंडोबाचं ठाणं मांडायचं तर खाली घोंगडी. तिच्यावर चप्पल घालून कुणी पाय दिला तर आबा जागचे उठून जायचे.

“ज्याच्या घरी राहशील त्याच्या खांद्यावर टाक,” आबा म्हणाले. “मान हाय म्हणावं. आन् आल्यावर मला सांग, कोण पांघरून राहिलंय ते.”

आयुष्यात पहिल्यांदाच आबांनी मला काही मागितलं होतं. शिवाय चुलत्यांच्या कृपेनं दिवस मावळायच्या आत गावभर झालं की आबाची घोंगडी फ्रान्सला चालली. आता घोंगडीचं काही बरंवाईट झालं असतं तर आबांना पारावर बसायची सोय राहिली नसती.

सरांनी भेटवस्तू म्हणून उदबत्ती आणि किल्लीला लावायचे हत्ती सुचवले होते. मी घोंगडीची वळकटी दाखवली तेव्हा ते हिंदीत म्हणाले, “बेटा, ये जिंदा है क्या?” वास तसाच होता, त्यांचीही काही चूक नाही. बॅगेत ती मावेना. मग मी ती अंगावर घेऊनच विमानात चढले. हवाईसुंदरीनं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी मेंढराचं तिकीट न काढता त्याला घेऊन आले आहे. पण विमानात ती थंडी! सगळी पोरं कुडकुडायला लागली. थोड्या वेळानं शेजारी बसलेल्या सरांनी घोंगडीचा एक कोपरा स्वतःच्या गुडघ्यांवर ओढून घेतला. मी खिडकीबाहेर बघत असल्याचं सोंग केलं.

माझ्या वाट्याला आलेलं घर डोंगरातल्या एका खेड्यात निघालं. नवरा, बायको आणि माझ्याच वयाची एक मुलगी. आम्ही बाईंना मादाम म्हणायचो. त्यांनी पहिल्याच जेवणाला मला काहीतरी विचारलं. मला रेल्वे स्टेशन कुठे आहे, संग्रहालय किती वाजता उघडतं, ही सगळी वाक्यं तोंडपाठ होती, पण यातलं त्यांनी काही विचारलंच नाही. त्यांना माझे वडील काय करतात ते हवं होतं. मेंढरू या शब्दापर्यंत सर कधी पोचले नव्हते. मग मी सरळ ‘बँऽऽ’ करून दाखवलं. घरधनी चमचा खाली ठेवून त्याहून मोठ्यानं ओरडले, ‘बँऽऽ!’ एवढी एक भाषा दोन्हीकडं सारखी आहे, हे सरांना सांगायला हवं होतं.

मग मी घोंगडी आणली. आधी माझी चप्पल काढून लांब ठेवली, मग घोंगडीकडे बोट केलं, मग पायांकडे, आणि जोरजोरात मान हलवली. बिचाऱ्यांनी सगळ्यांनी बूट काढले. घरधन्यांच्या खांद्यावर मी ती टाकली, तेव्हा तो उंच माणूस थोडा वाकला. त्यांनी ती नाकाशी नेली, आणि बायकोकडे बघून काहीतरी हळू बोलले. मादामनी ती बैठकीतल्या चांगल्या कोचावर घडी घालून ठेवली. मला वाटलं, जिंकलं! आबांना आता काय काय सांगू आणि काय नको.

सकाळी उठून बघते तर घोंगडी जमिनीवर, आणि तिच्यावर त्यांचं म्हातारं कुत्रं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “हाड! ऊठ मुडद्या! तुझ्या बापानं काढलं होतं का सूत?” मी अस्सल आमच्या गावच्या भाषेत सुरू झाले. सर असते तर म्हणाले असते, किती अस्खलित बोलते पोरगी. मी एक टोक ओढलं, कुत्र्यानं दुसरं दातात धरलं. मादाम धावत आल्या, लाजेनं लाल झालेल्या. त्यांनी कुत्र्याला बाहेर काढलं, घोंगडी झटकली आणि कपाटावर उंच ठेवून दिली. माझी माफीही मागितली, पुन्हा पुन्हा. माफीचे शब्द मात्र मला येत होते. ते ऐकून मला उगीचच रडू आलं.

पण ते कुत्रं काही ऐकेना. दार उघडं सापडलं की कपाटाखाली येऊन बसायचं, वर बघायचं आणि बारीक कण्हायचं. जेवण समोर ठेवलं तरी दोन घास खाऊन तिथंच. मी शाळेतून आले की आमची दोघांची नजरानजर व्हायची, आणि मी त्याला मराठीत दम भरायचे.

एका रविवारी घरधनी मला मागच्या अंगणात घेऊन गेले. तिथं एक लांबलचक दगडी गोठा होता. मी आत डोकावले. गव्हाणी, वाळलेला चारा, भिंतीला घासून घासून गुळगुळीत झालेला दगड. आणि एकही मेंढरू नाही. त्यांची मुलगी सावकाश, सोप्या शब्दांत सांगत होती, मला कळेपर्यंत. गेल्या वर्षी सगळी मेंढरं विकली. वडिलांचे गुडघे गेले, डोंगर चढवेना. आता ते शाळेची बस चालवतात. माणसांना सांगता आलं. कुत्र्याला कसं सांगणार? ते वर्षभर ह्या गोठ्याच्या दारात बसून आहे. आधी दिवसभर, मग जेवायलाही येईना. तुझी घोंगडी आली त्या रात्री पहिल्यांदा ते स्वतःहून घरात आलं.

आमची मेंढरं परतायला उशीर झाला की आमचं कुत्रं वाटेवर कसं येरझाऱ्या घालतं, ते मला चांगलं ठाऊक होतं. आणि ह्याची तर येणारच नव्हती. घरात गेले, खुर्चीवर चढले, कपाटावरून घोंगडी काढली आणि स्वतःच्या हातानं जमिनीवर अंथरली. मादाम “नको, नको” करत राहिल्या. कुत्रं आलं, तीन वेळा गोल फिरलं आणि लोकरीत नाक खुपसून पडलं. संध्याकाळी त्यानं ताटली चाटूनपुसून साफ केली.

कुत्र्याचं भागलं, माझं काय? परतीच्या विमानात मी आबांना सांगायची वाक्यं जुळवत होते, आणि एकही धड जुळत नव्हतं. मानाची घोंगडी. देवाखालची घोंगडी. तिच्यावर कुत्रं, आणि तेही मीच बसवलेलं.

गावी पोचले त्या दिवशी लिंबाखाली निम्मं गाव जमलं होतं. मी डोंगर सांगितले, शाळा सांगितली, वास मारणारं चीज सांगितलं. ते ऐकून माय तोंडाला पदर लावून बसली. आबा एका बाजूला चातीवर सूत काढत बसलेले, काही विचारत नव्हते. विचारलं ते चुलत्यांनी, अगदी ठरवून आल्यासारखं.

“आन् आबाची घोंगडी कोण पांघरून राहिलं गं?”

खोटं बोलता आलं असतं. पण आबांनी मान वर केली होती.

“कुत्रं,” मी म्हणाले.

एकदम हशा पिकला. चुलते मांडीवर थाप मारून म्हणाले, “साता समुद्रापार नेऊन कुत्र्याला! आबा, पुढच्या साली मांजराला गोधडी धाडा!” आबांचा चेहरा उतरला. चाती हातातच थांबली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तशीच ओरडत सगळं सांगितलं: गोठा, विकलेली मेंढरं, दारात बसलेलं कुत्रं. लोक हसायचे थांबले की नाही ते मी बघितलं नाही, मी आबांकडे बघत होते.

आबांनी विचारलं, “मेंढरं इकून किती दिस झाले मनलीस?”

“वरीस झालं.”

“आन् ते कसं बसतंय तिच्यावर?”

“बसत न्हाई, आबा. नाक खुपसून झोपतंय.”

“खातंय का आता?”

“खातंय.”

आबांनी उपरण्यानं डोळे पुसले, सगळ्यांदेखत, चुलत्यांदेखत. मग चाती पुन्हा फिरवायला घेतली.

“त्या बाईला कळव,” ते म्हणाले. “तुझ्या त्या भाषेत नीट लिहून कळव. घोंगडी धुऊ नका म्हणावं. कितीबी मळू द्या, धुऊ नका.”