दाजींच्या तळहाताचा घाम

माझ्या विज्ञाननिष्ठेमुळे माझी सख्खी बहीण अकरा दिवस नवऱ्याशी बोलली नाही.

मी तेव्हा सेलूला शाळेत विज्ञान शिकवायचो. एका मासिकात वाचलं, की माणूस घाबरला, चिडला, की तळहाताला घाम सुटतो आणि ओल्या कातडीतून वीज जास्त वाहते. म्हणजे ड्रायव्हरच्या बोटांना तारा जोडल्या, की मीटरची सुई त्याचं मन सांगणार! अपघात टळणार! (माझा सत्कार होणार, हे मी कोणाला बोललो नव्हतो.)

ड्रायव्हर घरातच होता. आक्काचे यजमान, आमचे दाजी, कापसाच्या जिनिंग मिलच्या ट्रकवर होते. चुलतभावाच्या साखरपुड्याला देवगाव फाट्याच्या पुढं जायचं होतं. विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनामुळं त्या आठवड्यात एस.टी. बंद, म्हणून दाजींनी मालकाची जीप मागून आणली. मागं आई आणि आक्का. पुढं मी, मांडीवर शाळेतला मीटर! दाजींच्या डाव्या हाताच्या दोन बोटांना मी तांब्याच्या पट्ट्या बांधल्या.

"मास्तर, हे काय करायलाव?"

"तुमच्या भावना मोजायलोय."

"मग गिअर कोन टाकनार?"

सुई हलली. "दाजी, तुमी रागावलात!"

"न्हाई ओ."

सुई आणखी वर. "बघा, रागावलात!"

"आता रागावलो!"

यंत्र चालतंय म्हटल्यावर मला चेव आला. मी एकेक शब्द टाकून बघू लागलो. "मालक!" सुई जराशी हलली. "सासूबाई!" बऱ्यापैकी हलली. (मागं आई खाकरली.) "देवगाव फाटा!" सुई पार टोकाला जाऊन आदळली.

आक्का पुढं सरकली. "काय हाय तिथं?"

"काई न्हाई," दाजी म्हणाले. सुई टोकालाच!

"दर आठवड्याला तिथल्या चहाच्या हाटेलावर थांबता म्हनं तुमी. कोन हाय तिथं?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मी म्हणालो, "आक्का, सुई खोटं बोलत न्हाई. एवढी सुई एक तर भीतीनं हलते, न्हाई तर प्रेमानं. आन् चहाच्या हाटेलाला कोन भितंय?"

तेवढ्यात फाटा आला. दाजींनी गिअर टाकायला हात नेला, तार गिअरमध्ये गुंतली आणि जीप सावकाश, अगदी अदबीनं, पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, शेतात उतरली. कोणाला खरचटलंही नाही. आक्का मात्र खाली उतरली ती थेट माहेरी, म्हणजे माझ्याच घरी येऊन राहिली. दाजी रोज संध्याकाळी दारात येऊन उभे राहायचे. ती आत भांडी आपटायची.

अकराव्या दिवशी मी 'त्या बाईचा' छडा लावायला फाट्यावर गेलो. हॉटेलवाला चांगला झुपकेदार मिशांचा निघाला!

"ते ड्रायव्हर व्हय?" तो म्हणाला. "पोळ्याच्या आधी इथल्या एका म्हाताऱ्याचा बैल दावं तोडून त्यांच्या ट्रकखाली आला. ड्रायव्हरची काईच चूक न्हाई. पर बैलाचं डोकं मांडीवर घेऊन लय रडला मानूस. तवापासून दर आठवड्याला येतेत, म्हाताऱ्याजवळ घटकाभर बसतेत आन् जातेत."

घरी येऊन मी आक्काला सगळं सांगितलं. तिनं ऐकलं, चुलीवरचं कालवण तसंच ठेवलं आणि चपला न घालताच तिच्या घराकडं निघाली. मागोमाग मीही.

दाजी ओट्यावर बसले होते. आक्का त्यांच्या शेजारी जाऊन बसली. मीच म्हणालो, "दाजी, एवढं झालं तर घरी सांगायचं न्हाई व्हय?"

दाजी माझ्याकडं बघून ओशाळं हसले. "कुनी इचारलंच न्हाई, मास्तर. तुमी नुसतं मोजलं."

पण मी पडलो बी.एस्सी., बी.एड. माणूस! 'दाजी, चुकलो' एवढे दोन शब्द तोंडातून निघायला मला दिवाळी उजाडली, आणि तेसुद्धा आक्कानं पाठीत कोपर ढोसलं म्हणून!