धुक्यातल्या होडीसाठी गाणं

यजमानांची वाचा गेली आणि त्यानंतर काही महिन्यांत मी देवाशी बोलणं सोडलं. भांडून नव्हे, हळूहळू. पक्षाघाताच्या झटक्याने त्यांची उजवी बाजू लुळी पडली आणि शब्दही गेले. त्यांना समजत सगळं होतं, ते डोळ्यांत दिसायचं. पण ओठ हलायचे, बाहेर काही यायचं नाही, आणि मग ते मान फिरवून खिडकीबाहेर बघत बसायचे. पुण्यात काय किंवा इथे परदेशात, सेंगकांगच्या या फ्लॅटमध्ये काय, आमच्याकडे येणारी माणसं यांच्या गप्पांसाठी यायची. आता पाया लेबारच्या ऑफिसातून परतले, की दार उघडताच घरातली शांतता अंगावर यायची. सुरुवातीला दत्तमहाराजांपुढे रडले, नवस बोलले, रोजची पोथी एकदाही चुकवली नाही. पुढे डोळे मिटले तरी आत नुसतं कोरडं वाटू लागलं. पलीकडे ऐकणारं कोणी आहे का, हाच प्रश्न पडायचा.

आमची लेक शाळेच्या कॉयरमध्ये गाते. त्यांचा हौगांगमधल्या एका चर्चच्या सभागृहात संध्याकाळी कार्यक्रम होता. मध्ये मध्ये मुलं गाणार होती आणि आयर्लंडहून आलेल्या एक वयस्कर बाई तिकडच्या जुन्या, तोंडोतोंडी चालत आलेल्या गोष्टी सांगणार होत्या. लेक म्हणाली, "आई, बाबांनाही आण. ही कॅन लिसन, व्हॉट!" मला नको वाटत होतं. लोक यांच्याकडे बघतात आणि ते अवघडतात. पण तिचा हट्ट मोडवेना. व्हीलचेअर घेऊन निघालो आणि पहिल्या रांगेच्या टोकाला, मोकळ्या जागेत बसलो.

मुलांनी पहिलं गाणं धरलं. वाद्य एकही नाही. इतके गळे, आणि सगळ्यांचा मिळून एकच श्वास. मग त्या बाई पुढे आल्या. पांढरे केस, खांद्यावर लोकरीची शाल, हातात कागद नाही. त्यांनी गोष्ट सुरू केली. समुद्रकाठच्या एका गावात एका कोळ्याची बायको राहत होती. एके संध्याकाळी दाट धुकं उतरलं. नवऱ्याची होडी आत समुद्रात, आणि काठावरचा कंदील वाऱ्याने विझलेला. तिच्यापाशी उरला फक्त आवाज. ती खडकावर उभी राहून गाऊ लागली. पलीकडून उत्तर येईना, तरी ती गात राहिली.

इथे बाई थांबल्या. आता ते गाणं गाते म्हणाल्या, आणि पायऱ्या उतरून थेट आमच्यापाशी आल्या. "आमच्याकडे कोणी गायला लागलं, की शेजारी बसलेला माणूस त्याचा हात धरतो आणि हळूहळू फिरवत राहतो," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "गाणाऱ्याला आधार होतो." आणि यांच्यापुढे हात करून विचारलं, "माझा हात धराल का?"

यांना जमणार नाही, आजारी आहेत, हे माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात यांचा डावा हात पुढे गेला. गेले कित्येक महिने यांना आधार द्यायलाच सगळे जवळ येत होते. कोणीतरी यांच्याकडे आधार मागितला, तो त्या संध्याकाळी पहिल्यांदाच.

बाई गाऊ लागल्या. आवाज वयाने कापत होता. यांनी त्यांचा हात धरून जात्याच्या खुंट्यासारखा सावकाश गोल फिरवला, लयीत, न चुकता. भाषा माझ्या ओळखीची नव्हती, तरी खडकावरची ती बाई मला डोळ्यांपुढे दिसत होती. शेवटी बाईंचा आवाज दमला, अगदी विरत गेला. तोच मागून मुलांनी तो सूर उचलला. गोष्टीत पुढे सगळं गाव काठावर जमतं आणि तिच्याबरोबर गाऊ लागतं, तोच हा भाग. आणि त्या सुरांमध्ये मला एक जाडा, घोगरा सूर ऐकू आला. अगदी शेजारून. मी वळून बघितलं. हे गात होते. शब्द नव्हते, नुसता 'आ'कार, पण सुराला धरून. मान वर, डोळे मिटलेले, गालांवरून पाणी.

गाणं संपलं. टाळ्या वाजल्या की नाही, मला आठवत नाही. यांनी बाईंचा हात सोडला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "अगं."

लग्न झाल्यापासून मला हीच हाक. नावाने त्यांनी कधी बोलावलंच नाही. मी तिथेच खाली बसले आणि त्यांच्या गुडघ्यांवर डोकं टेकलं. स्टेजवरून लेक धावत आली. "बाबा सँग! आई, यू हर्ड ऑर नॉट?" ती रडत विचारत होती. बाई वाकल्या, यांना म्हणाल्या, "तुम्ही होतात म्हणून मला शेवटपर्यंत गाता आलं." आमच्याबद्दल त्यांना कोणीच काही सांगितलेलं नव्हतं. पहिल्या रांगेत इतकी माणसं असताना त्या यांच्यापाशीच का आल्या, हे मी त्यांना विचारलं नाही.

वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी नंतर समजावलं, की बोलण्याची आणि गाण्याची मेंदूतली वाट वेगळी असते, म्हणून बोलता न येणारेही कधी कधी गाऊ शकतात. ते खरंच असणार. मला त्यात महाराजांचं काही कमी झालं असं वाटत नाही. मी इतके दिवस कृपेची वाट बघत होते ती देणाऱ्याच्या रूपात, आणि मनासारखी. ती आली परक्या देशातून, परक्या भाषेत, दुसऱ्या धर्माच्या प्रार्थनेच्या जागी, आणि आली ती हात मागत. आता मी देवाला काय हवं ते सांगत बसत नाही. जे होईल ते तुमच्या पायाशी, एवढंच म्हणते.

हे अजून व्हीलचेअरवरच आहेत. मोजके शब्द येतात, तेही बहुतेक सुरात. आज सकाळी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन त्यांनी "चहा दे" हे दोन शब्द चांगली लांब तान घेऊन म्हटले. लेक खो खो हसली, मग तेही हसले. मी गॅसपाशी उभी होते, हातात चिमटा होता. तसेच हात जोडले.