पूजेच्या ओट्याला पाडलेलं भोक

आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, निजामाच्या माल खात्यात गावोगाव तपासणी करणारे गिरदावर होते, आणि वजिफ्यावर, म्हणजे पेन्शनीवर, आल्यावरही गिरदावरच राहिले. आधी गावंच्या गावं त्यांच्या हुकुमात होती, आता आम्ही घरातली माणसं उरलो, एवढाच काय तो फरक. 'मंजूर' आणि 'खारीज' या दोन शब्दांवर त्यांचं घर चालायचं. भाजीत मीठ कमी पडलं तरी भाजी खारीज व्हायची. लोक त्यांना टरकून असत. मला त्यांची भीती कधी वाटली नाही. जात्यावर बसलं की संताप तेवढा यायचा.

कारण दळण माझ्याकडं होतं. पहाटे उठायचं आणि उजाडेपर्यंत ज्वारी दळायची. घर खाणारं, भाकरीवर भाकरी लागायची. हाताला घट्टे पडले होते, खांदा ठणकायचा, आणि त्यात मला दिवस गेलेले. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, म्हणायच्या, दळलं की बाळंतपण सोपं जातं. डोंबलाचं सोपं! त्यांची स्वतःची कंबर दळून दळून कायमची वाकली होती. पिठाची गिरणी होती ती पार शहागंजात, आणि गिरदावरांची सून डोक्यावर डबा घेऊन उस्मानपुऱ्यातून तिथपर्यंत चालत जाणार? अब्रू गेली असती ना!

म्हणून मामंजींनी घराशेजारच्या मोकळ्या जागेत स्वतःचीच गिरणी टाकायचं ठरवलं, तेव्हा मला आनंदानं रडू आलं. माझ्यासाठी टाकत नव्हते, ते ठाऊक होतं मला. इंजिनाची टुकटुक स्टेशनापर्यंत ऐकू जावी आणि लोकांनी विचारावं, कुणाची हो ही गिरणी, एवढीच त्यांची हौस. असू दे म्हटलं. जातं सुटतंय ना, बास.

गिरणीला पत्र्याची शेड हवी, आणि शेडला खाली सिमिटाचा ओटा. तेव्हा आमच्या भागात सिमिटाचं लई अप्रूप होतं. लोखंडी सांगाडा शहरातल्या एका मिस्त्रीनं केला. त्यानं येऊन सांगितलं, "साब, बोल्ट आने देव, फिर सिमिट डालो. गीले में गाडे तो पक्का बैठते." बोल्ट रेल्वेनं यायचे होते. पण जोशीबुवांनी ओट्याचा मुहूर्त काढून ठेवलेला. मामंजी म्हणाले, "मुहूर्त काय माझा नोकर आहे थांबायला?" मिस्त्री म्हणाला, "तो डालो. अपने को क्या." तोही तसलाच. एकदा बोलला, हात झटकले आणि विडी पेटवली.

झालं. मुहूर्तावर ओटा ओतला. वाळल्यावर त्याची पूजा केली, नारळ फोडला, चारी कोपऱ्यांना कुंकू लावलं. मग मामंजी येईल त्याला ओट्यावर नेऊन काठीनं ठोकून दाखवायचे. "ऐका, ऐका आवाज!" आणि ती शहाणी माणसं वाकून ऐकायची हो! घरातलं म्हातारं मेलं तरी इतकी माणसं आली नसती.

बोल्ट आले ते ओटा दगड झाल्यावर. आता एकच वाट, मिस्त्री म्हणाला. छिन्नीनं ओट्याला भोकं पाडायची, त्यांत बोल्ट उभे करायचे, भोवती शिसं वितळवून ओतायचं, आणि मग खांबांच्या बुडाच्या लोखंडी पाट्या त्यांवर कसायच्या. मामंजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पूजा झालेल्या ओट्याला छिन्नी? खारीज." आमचे हे शाळेत मास्तर. पोरांना वारा, वादळ, हवेचा दाब सगळं शिकवायचे. घरी मात्र बापापुढं मूग गिळून बसले. बोल्टांचं पोतं मुकाट्यानं खाटेखाली सरकवलं.

मग काय केलं म्हणता? सांगाडा नुसता ओट्यावर उभा केला, वर पत्रे ठोकले आणि पाट्यांवर दगड रचले. पण लोकांना बोल्ट दिसायला हवेत ना! म्हणून मिस्त्रीनं भंगारातल्या बोल्टांची मुंडकी कापून आणली आणि पाट्यांच्या भोकांत सिमिटानं चिकटवली. खाली काही नाय, वर चकचकीत मुंडकी. मामंजी खुश. "कोण खाली बघायला जातंय?" म्हणाले. उभा जन्म त्यांनी तपासणी केली ती अशीच केली असणार, याची मला त्या दिवशी खात्री पटली.

वैशाखात एका दुपारी वावधान सुटलं. मी वाळवण गोळा करायला धावले, तर समोर शेड थरथरायला लागलेली. वारा पत्र्यांखाली शिरला, एका बाजूचे पाय उचलले गेले, दगड गडगडले, आणि सगळा सांगाडा उठून शेजारच्या घासाच्या वाफ्यात पाय वर करून पडला. माणूस नव्हतं खाली म्हणून बरं. ओटा तेवढा जागेवर होता. त्याच्यावर चिकटवलेली मुंडकी विखुरली होती. ती मीच झाडून गोळा केली, दुसरं कोण करणार?

दुसऱ्या दिवशी इंजिन देणारा व्यापारी आला, त्यानं वाफ्यातला सांगाडा पाहिला आणि साफ सांगितलं, अमावस्येपर्यंत शेड धड उभी दिसली नाही तर इंजिन दुसऱ्या गिऱ्हाइकाला जाईल. मामंजींनी क्षणभर मिशी कुरवाळली आणि निकाल दिला. "दृष्ट लागली. गिरणी आपल्या नशिबात नाही. आणि जातं काय वाईट आहे? जात्याच्या पिठाला गोडी असते."

गोडी! त्या माणसानं जन्मात एकदा तरी जात्याचा खुंटा धरला होता का? मी ह्यांच्याकडं पाहिलं. हे पंचांग चाळत बसलेले. असा राग आला मला! आता मूल होईल, ते मांडीवर घेऊन मी दळीन, आणि एक दिवस त्याची बायको दळंल, आणि हा निकाल लागला तो कुणा म्हाताऱ्याच्या ओट्याला ओरखडा नको म्हणून!

जेवणं झाली, पुरुष आडवे झाले. मी पदर खोचला, कोठीतून छिन्नी-हातोडा घेतला, भर उन्हात ओट्यावर जाऊन बसले आणि कोपऱ्यातल्या कुंकवावरच पहिला घाव घातला. सिमिट टणक होतं मेलं. ठिणगी उडाली, खपली उडाली, हाताला झिणझिण्या आल्या. मी मारत राहिले. सगळी आळी जागी झाली.

मामंजी धोतर सावरत आले. "हे काय चाललंय?" सुनेनं सासऱ्याशी तोंड उघडून बोलायचं नाही ही त्यांच्याच घरची रीत. काही सांगायचं ते आत्याबाईंच्या मार्फत. ते ओरडत होते, मी ठोकत होते. शेवटी आत्याबाईंना हाक गेली. "हिला विचारा, डोकं फिरलंय का हिचं?"

आत्याबाई वाकत वाकत आल्या. "का गं, डोकं फिरलंय का?"

"नाय, आत्याबाई. त्यांना सांगा, पूजेच्या ओट्याला भोक मी पाडलं. पाप मला लागलं. आता ओटा मोडलेलाच आहे. मोडलेल्या ओट्याला आणखी भोकं पाडणाऱ्याला कसलं आलंय पाप?"

आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या, कुणास ठाऊक. आणि मामंजी? मला वाटलं, आता काठी उचलतील. पण त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. कसूर कुणाच्या नावावर पडणार हे एकदा ठरलं, की असल्या माणसाला कुठलंही काम करता येतं. त्यांनी खाकरून घेतलं आणि म्हणाले, "मोडलाच म्हणायचा. मग मिस्त्रीला बोलवा. मंजूर."

मिस्त्री आला. त्यानं भोकं पाडली, फुंकून फुंकून कोरडी केली, कारण ओल राहिली तर तापलेलं शिसं अंगावर उडतं. खाटेखालचे बोल्ट उभे केले, शिसं ओतलं, थंड झाल्यावर वाफ्यातला सांगाडा उचलून पाट्या चढवल्या आणि नट आवळले. त्यानंतर वाऱ्यानं किती आदळआपट केली, पण शेड हलली नाही. अमावस्येआधी इंजिन बसलं. टुकटुक स्टेशनापर्यंत जात होती का, देव जाणे. मामंजी खुर्ची टाकून बाहेर बसायचे आणि लोकांना सांगायचे, "बोल्टाशिवाय शेड? मी पहिल्यापासून सांगत होतो."

घरचं दळण आता गिरणीतच व्हायचं. मला मात्र तिथं पाय टाकायला बंदी झाली. पाप लागलेली बाई ना मी! जोशीबुवांना विचारून मामंजींनी प्रायश्चित्त काढून आणलं आणि नेहमीप्रमाणं आत्याबाईंच्या तोंडून मला कळवलं. बाळंत होईपर्यंत मी रोज पहाटे जात्यावर पायलीभर ज्वारी दळायची आणि ते पीठ देवळात पोचवायचं. मग मी शुद्ध.

मामंजी पलीकडं सोप्यात बसले होते, कान इकडंच. मी पोटावर हात ठेवून भिंतीला टेकून बसले होते. बाहेर गिरणी चालू होती.

"आत्याबाई," मी म्हटलं, "त्यांना सांगा, पाप राहू द्या माझ्याकडं."