जहाजांना निशाणा सांगणारे काका

माझं अक्षर वाकडं आहे आणि शुद्धलेखनाच्या चुकाही असतील, माफ करा. चौथीपर्यंतच शिकले. पण काकांविषयी कुठेतरी लिहून ठेवावं असं वाटलं.

"थांबा. मी परत म्हणतो, बरोबर का बघा." कोणीही काही सांगितलं की काका हात वर करून असं म्हणायचे. त्यांच्या सुनेने दूध आणायला सांगितलं तरी तेच. ती वैतागायची, "अहो बाबा, दूधच आहे, बॉम्ब नाही!"

जर्मनीत बॉबलिंगेनला मी मुलाकडे नात सांभाळायला आले, तेव्हा खालच्या मजल्यावर काका त्यांच्या मुलाकडे राहत. फौजेतले निवृत्त अधिकारी. एकदा शेजारच्या जर्मन आजींनी त्यांना कचऱ्याचा वार सांगितला. काकांनी परत म्हटलं, "मिटवोख, म्हणजे बुधवार, पिवळी पिशवी." आजी खूश झाल्या. "गेनाऊ!" म्हणजे अगदी बरोबर. काका मला म्हणाले, "ही बाई आमच्या तुकडीत चालली असती."

त्यांच्या तुकडीचं काम असं. जहाज लांब समुद्रात, विमान वर आभाळात. किनाऱ्यावर कुठे मारायचं ते दोघांनाही नीट दिसत नाही. म्हणून यांनी पायदळाबरोबर चिखलात पडून राहायचं आणि वायरलेसवरून जागेचे आकडे सांगायचे. अधिकाऱ्याने सांगितलेले आकडे वायरलेसवाला परत म्हणणार, अधिकारी 'बरोबर' म्हणणार, मगच तोफ उडणार.

"नौदल म्हणायचं हे पायदळाचे, पायदळ म्हणायचं हे नौदलाचे," काका हसत सांगायचे. "जेवायला कोणी घालायचं हेच सहा महिने ठरेना."

या तुकडीचा इतिहास त्यांना लिहायचा होता. जुने सोबती पुण्यात जमणार होते, त्यांना छापून वाटायचा होता. पण काकांची नजर गेली होती. मुलगा ऑफिसात, नातू जर्मनच बोलणार. राहिले मी.

"मला नाही जमायचं," मी जमिनीकडे बघत म्हटलं.

"ताई, मी बोलेन ते लिहा आणि वाचून दाखवा. बस."

मी हळू वाचायचे. ते म्हणायचे, "मोठ्याने. समुद्रावर वारा असतो." मी हसायचे आणि आवाज थोडा वाढायचा. परक्या माणसासमोर इतकं मोठ्याने मी कधी बोलले नव्हते.

एके दिवशी त्यांनी एका सरावाचं सांगितलं. गोळा आपल्याच माणसांजवळ पडला, एका जवानाचा पाय गेला. वायरलेसवाल्याने चुकीचे आकडे पाठवले म्हणून त्याचा हुद्दा काढून त्याला घरी पाठवलं. मी लिहिलं, वाचून दाखवलं. मग सहजच विचारलं, "काका, त्याने आकडे परत म्हटले नव्हते का?"

काकांनी माझ्या हातातली वही चाचपून मिटली.

"म्हटले होते. 'साहेब, एकदा नकाशा बघता का?' असंही म्हणाला होता. मी खेकसलो त्याच्यावर. नकाशा मीच चुकीचा वाचला होता, ताई. आणि चौकशीत गप्प बसलो."

दोन दिवस त्यांनी मला बोलावलं नाही. मला वाटलं, आपण विचारायला नको होतं. तिसऱ्या दिवशी गेले तर आत बापलेकांचं चाललं होतं.

"बाबा, आता कशाला? चार लोकांत तुमचं नाव जाईल."

"त्याचं गेलं तेव्हा मी तिथेच होतो." मला बघून म्हणाले, "ताई, ते पान फाडा. नवीन घ्या."

नव्या पानावर त्यांनी त्या माणसाचं पूर्ण नाव, गाव आणि हुद्दा आधी लिहायला लावला. मग स्वतःची चूक. मी वाचून दाखवलं, तेव्हा डोळे मिटून म्हणाले, "बरोबर."

वह्या घेऊन काका देशात गेले. पुण्याच्या आधी ते भाच्याला सोबत घेऊन सातारा भागातल्या, पानावर लिहिलेल्या त्या गावी गेले. वायरलेसवाला वारला होता, बायको होती. तिथून त्यांचा मला फोन आला. नंतर त्यांच्या मुलाचाच आला, काका वारल्याचा.

पण त्या दिवशी फोनवर काकांचा आवाज मोठा होता. "ताई, तुमचं पान मी भाच्याकडून तिला वाचून दाखवलं. ती उठली. आत गेली आणि ट्रंकेतून त्याचा वर्दीतला फोटो काढून आणला. इतकी वर्षं भिंतीवर लावला नव्हता. मी म्हटलं, द्या, मी लावतो. तर म्हणाली, तुम्हाला दिसत नाही, तुम्ही स्टूल धरा."

"मग?"

"मग काय, मी स्टूल धरलं. खिळा तिनेच ठोकला."